पाणजाईचं माहेर

अनसाक्का गुरव रोज सकाळी झऱ्यापाशी जायची, ओंजळभर पाणी तोंडात घ्यायची, गालांत फिरवायची आणि थुंकून टाकायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, चूळ भरतेय. पण थुंकल्यावर ती थांबायची, जीभ टाळूला लावून बघायची, आमटीत मीठ बरोबर पडलंय का बघावं तशी. मग म्हणायची, "आज बरं हाय," आणि घागर लावायची. ज्या दिवशी काहीच बोलायची नाही त्या दिवशी पाण्याला मातीची चव असायची. माझ्या तिथल्या शेवटच्या वर्षांत ती झऱ्यावर फारसं बोलली नाही.

मी आरोग्यसेविका. पाटण तालुक्याच्या पार पश्चिमेला, कोयनेच्या खोऱ्यातल्या एका गावच्या उपकेंद्रात अकरा वर्षं काढली. गावाखेरीज माझ्याकडे पाच वाड्या होत्या. त्यातली सगळ्यात वरची आसणवाडी. सव्वीस घरं, डोंगराच्या पोटाला चिकटलेली, एकाच्या अंगणाखाली दुसऱ्याचं छप्पर. वाडीच्या वर देवीची राई, राईत पाणजाईचं देऊळ, देवळामागं कातळ आणि कातळाच्या डोक्यावर सडा. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं लांबरुंद पठार. पावसाळाभर सडा पाणी पितो आणि डोंगर ते वर्षभर थोडं थोडं खाली सोडतो. म्हणून आसणवाडीचा झरा ऐन वैशाखातही आटत नाही. मी सांगलीकडची, तासगावची. आमच्याकडे जमीन काळी आणि सपाट. ती आपल्या जागेवरून हलेल अशी शंका आमच्या सात पिढ्यांत कुणाला आली नसेल. डोंगर हलतो हे मला अक्कानं शिकवलं.

पहिल्या भेटीत तिनं मला चपला काढायला लावल्या. मी खांद्याला लशीचा डबा अडकवून वाडीच्या पायवाटेनं वर येत होते. राईच्या तोंडाशी एक ठेंगणी, काळीसावळी बाई लुगड्याचा काष्टा वर खोचून उभी होती. लुगड्यावर पुरुषी खाकी सदरा, हातात दीड हाताची लोखंडी सळई. मला वाटलं, देवीची राई म्हणून अनवाणी जायचं असेल. मी तसं विचारलं तर म्हणाली, "देवीचं काय न्हाई. पायाला कळू दे की कुठं चाललाय ते." मग ती पुढं आणि मी मागं. चार पावलं टाकली की ती सळई जमिनीत खुपसायची आणि कान तिरका करायची. एके ठिकाणी सळई मुठीपर्यंत आत गेली. तिनं ती काढली, टोकाचा चिखल बोटानं पुसला, वास घेतला आणि मला वळसा घालून न्यायला लागली. का, ते सांगितलं नाही. पुढच्या वर्षी ती पायवाट तिथंच खचली.

तिचा नवरा मरून तेव्हा पंधराएक वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. गुरवकीचं घर म्हणून देवीची रोजची पूजा, दिवा, झाडलोट तिच्याकडे आली. फक्त कौल लावायचा हक्क बाईला नाही. त्यासाठी दिराचा मुलगा महादू मुंबईहून यायचा. तो तिकडे माथाडी कामगार होता. अक्का त्याला तोंडावर म्हणायची, "तू वरसातनं एकदा येतोस आन् देवीशी बोलतोस. मी रोज आंघूळ घालती तर माज्याशी बोलत न्हाई. सासूबाय हाय जनू." महादू हसायचा. बायकाही हसायच्या. पण मुंबईच्या पुतण्याला पूजेतलं काही अडलं की तो मान वळवून दाराकडे बघायचा, आणि दारात अक्का असायची.

औषधाच्या बाबतीत ती माझी सगळ्यात वाईट पेशंट. रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायची, पण आधी एक माझ्यासमोर चावून बघायची. "कडू हाय, म्हंजी खरी हाय." दुसऱ्यांच्या बाबतीत मात्र ती माझं अर्धं काम करायची. कुठल्या घरात पोर तापलंय, कोणाच्या सुनेचे दिवस भरलेत, कोण मुंबईहून खोकत आलाय, हे ती पायवाटेवरच सांगायची आणि वर म्हणायची की तुमच्या रजिस्टरात हे कधी येणार, पोर चालायला लागल्यावर का?

सडा मी तिच्यामुळं पाहिला. भाद्रपदात तिथं फुलं येतात. जांभळी, पिवळी, पांढरी, पाऊल ठेवायला जागा नसते. मी दोन-चार फोटो काढले. तिनं फुलांकडे ढुंकून पाहिलं नाही. ती मला सड्याच्या मधोमध घेऊन गेली. तिथं तीन वीरगळ होते. लढाईत मेलेल्यांच्या नावानं उभे केलेले जुने कोरीव दगड. कुठल्या लढाईत, ते कुणाला माहीत नाही. दोन दगड सरळ होते. तिसरा छातीपर्यंत जमिनीत गेलेला, घोड्यावरच्या माणसाचं फक्त डोकं आणि उगारलेली तलवार वर. अक्का म्हणाली, "माज्या लग्नात ह्यो पुरा हुता. घोड्याचं खूर दिसायचं." मग तिनं त्या दगडाच्या शेजारचं गवत सळईनं बाजूला केलं. खाली भेग होती. रुंदी चार बोटं. आत काळोख आणि गार वारा. मी वाकले तर तिनं माझी वेणी धरून मला मागं ओढलं.

त्या भेगेला वाडीत देवीचा ओठ म्हणत. आखाडातल्या पहिल्या मंगळवारी गुरवाच्या घरानं ओठाला टोपलीभर भाताचा कोंडा वाहायचा, अशी रीत. बाकीची वाडी नारळ वाढवून, नैवेद्य खाऊन घरी जायची. अक्का जायची झऱ्यावर. तिथं ती एक जुनं पातळ आडवं बांधायची आणि रोज दोन वेळा त्यातला गाळ तपासायची. वर वाहिलेला कोंडा डोंगराच्या पोटातून उतरून झऱ्यात येतो, हे तिला सासूनं सांगितलं होतं. सासूच्या वेळी कोंडा नवव्या दिवशी यायचा. नवरा वारला त्या साली सातव्या दिवशी. मी तिच्याबरोबर पहिल्यांदा मोजलं तेव्हा चौथ्या. रीत सगळ्यांना माहीत होती, मोजणं फक्त गुरवांच्या बायकांना. तिनं ते मला सांगितलं, कारण तिला सून नव्हती.

"म्हंजी आतली वाट मोठी व्हायला लागलीया," ती म्हणाली. बोलताना पातळ पिळत होती. "डोंगराला घाई न्हाई. पर तो थांबलेला न्हाई."

त्यानंतर मला दिसायला लागलं. माणसाला सांगितल्यावरच दिसतं. चैत्रात लाकूड सुकलेलं असतं, तरी वरच्या आळीतली तीन घरांची दारं चौकटीत अडकायला लागली होती. हवालदार आबांच्या परड्यातला फणस खालच्या बाजूला झुकला होता आणि वरच्या बाजूची मुळं ताणून दोरीसारखी दिसत होती. खेकडे ओढ्यात राहायचे सोडून वर मातीच्या भिंतींत बिळं करत होते. राईतली वानरं एका पावसाळ्यात गेली आणि परत आली नाहीत. वाडीला त्याचा आनंद झाला. फणस वाचले म्हणून.

मी वरिष्ठांना कळवलं. मी एकटीनंच नाही, ग्रामसेवकानंही. तालुक्याहून साहेब आले, त्यांच्याबरोबर पुण्याचा एक तरुण भूगर्भतज्ज्ञ. चांगला मुलगा होता. त्यानं भेगेच्या दोन्ही बाजूंना लाल रंगाच्या खुणा केल्या, मापं घेतली, आणि म्हणाला की आत कुठून कुठं पाणी जातं ते बघायला रंग सोडावा लागेल, पुढच्या वर्षी यंत्रणा घेऊन येऊ. अक्कानं त्याला कोंड्याचं सांगितलं. तो आधी हसला. मग त्यानं विचारलं, किती दिवस लागतात. तिनं सासूपासूनचे आकडे सांगितले. त्यानं वही उघडली आणि लिहून घेताना तो हसत नव्हता. खाली उतरल्यावर त्यानं साहेबांना सांगितलं ते मी ऐकलं, एखाद्या मोठ्या पावसात हा डोंगर वाडीवर येईल. खालच्या गावात, शाळेमागं पत्र्याच्या खोल्या बांधून झाल्या. पावसाळ्याचे चार महिने आसणवाडीनं तिथं राहावं, अशी नोटीस देवळाच्या खांबाला लागली.

वाडी बसली विचार करायला. हवालदार आबा म्हणजे वाडीचा शब्द. पंचवीस वर्षं फौजेत, सीमेवर राहून आलेले, मिशी अजून वळवलेली. ते म्हणाले, सरकार सांगतंय ते ठीक, पण देवीला विचारल्याशिवाय घर कसं सोडणार? कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. अक्कालाही नाही. उलट ती मला म्हणाली, आता बरं होईल, देवी हो म्हणेल, तिला काय कळत नाही का?

ज्येष्ठात कौल लागला. पाणजाई म्हणजे मूर्ती नव्हे, हातभर उंचीचा गुळगुळीत दगडी तांदळा, मागच्या कातळाला टेकलेला. सणावारी त्याला पितळी मुखवटा बसवतात, पण कौलाला मुखवटा काढतात. महादू ओल्या धोतरानं आत गेला. कुड्याच्या दोन कळ्या पाण्यात बुडवून त्यानं तांदळ्याच्या दोन खांद्यांना चिकटवल्या. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. स्नान घालून तांदळा पुसायचाही नाही आणि कौल होईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही, हा नियम. आबांनी गाऱ्हाणं घातलं. आई, तुझी लेकरं चार महिने खाली जाऊ म्हणतात, तुझी मर्जी असेल तर उजवी दे. सभामंडपात बाप्ये, पायरीवर बायका, मी बायकांच्या मागं. समईची वात चरचरत होती. अर्ध्या तासानं डावी कळी पडली.

सुटल्यासारखी सगळी वाडी बोलायला लागली. खरं तर कुणालाच जायचं नव्हतं. गुरंढोरं, भाताच्या रोपांचं तरवं, चुली, सगळं टाकून पत्र्याखाली कोण राहील? आबा बाहेर आले, "मिटलं" म्हणाले आणि नोटिशीच्या कागदात सुपारी बांधून घेतली.

अक्का दारातून हलली नव्हती. ती उजव्या कळीकडे बघत होती.

दोन दिवसांनी तिनं मला निरोप पाठवून बोलावलं. गाभाऱ्यात बाईमाणसानं येऊ नये असा काही दंडक नव्हता, पण मी जैन घरातली, आणि देवाच्या खोलीत घुसायची मला हौसही नाही. तिनंच हाताला धरून आत नेलं. उजवी कळी अजून तांदळ्याला चिकटलेली होती. पांढरीची तपकिरी झाली होती, पण पडली नव्हती. अक्कानं माझी बोटं मागच्या कातळावर टेकवली. डावीकडे कोरडं. उजवीकडे पाणी झिरपून तांदळ्याच्या खांद्यावर येत होतं, आणि त्या ओलीवर बारीक हिरवं शेवाळ धरलं होतं. बोटं चिकट झाली.

"चार वर्सामागं हितं श्याळ नव्हतं," ती म्हणाली. मग ती उंबऱ्यावर बसली आणि चार वर्षांतले कौल बोटांवर आठवायला लागली. कुणाची विहीर, कुणाचं नवं घर, आबांच्या नातीची ठरत आलेली सोयरीक. एकूण एक नकार. "मला वाटलं, देवी रुसली. रुसली न्हाई ओ शिस्टर, भिजलीया. डोंगर फोडायचं पानी तिच्या आंगावर आलंय, आन् त्येच पानी आमाला ऱ्हावा म्हंतंय."

मी कामाची बाई. मी म्हटलं, मग फडक्यानं पुसा आणि पुन्हा कौल लावा. ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी लशीच्या बाटलीत पाणी भरा म्हणाले. पुसलं तर तो कौल तिचा होईल, देवीचा नाही. मी म्हटलं, ठीक, मग प्रश्न उलटा विचारा. आम्ही इथंच राहू का, असं विचारा. डावी पडेल. त्यावर मात्र ती हसली. "आपल्याच घरात ऱ्हाऊ का, आसं देवीला कोन इचारतं? तुमी इचारता व्हय?" मग राहिलं एकच, खरं सांगणं. तेही तिनं केलं. मला बरोबर घेऊन आबांच्या अंगणात गेली आणि ओलीचं सांगितलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं. घरात नात भाकऱ्या थापत होती, तिचे हात थांबलेले ऐकू येत होते. आबा हळू आवाजात म्हणाले, "म्हंजी ह्या पोरीची सोयरीक मोडली ती शेवाळानं? आसं म्हन्तीस तू?" भाकऱ्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला. आम्ही उठलो.

त्या वर्षी कुणी खाली गेलं नाही. आखाडात सलग पाऊस लागला तेव्हा मी खालच्या गावात अडकले होते. ओढ्यावरचा साकव पाण्याखाली होता. पाणी उतरल्यावर वर गेले. वाडी होती. आबांच्या गोठ्याची वरची बाजू पायरीएवढी खचली होती आणि त्यांची म्हैस तिरपी उभी होती. सड्यावरच्या लाल खुणांमध्ये पूर्वी माझी चार बोटं मावत, आता अख्खी वीत मावली. कोंडा दुसऱ्या दिवशी आला होता. वाडी म्हणत होती, बघा, देवीनं राखलं. सगळे देवीची ओटी भरत होते, आणि ओटीची ताटं अक्काच लावत होती. मग वर्षभर ती जिथं जाईल तिथं सळई घेऊन जायला लागली. लग्नाच्या पंगतीत वाढतानासुद्धा ती भिंतीला टेकवून ठेवलेली असायची.

पुढच्या ज्येष्ठात पुन्हा नोटीस आली, पुन्हा वाडी देवळात जमली, पुन्हा महादू ओल्या धोतरानं उभा राहिला. कळ्या त्याच्या तळहातावर होत्या. तेवढ्यात अक्का आतून बाहेर आली. डोक्यावर टोपली, टोपलीत हिरव्या खणावर पाणजाईचा पितळी मुखवटा. सभामंडपाच्या मध्यावर येऊन थांबली आणि रोजचं बोलावं तसं म्हणाली की यंदा कौल नंतर लावा, आज देवीला माहेरी पोचवायची आहे.

कुणाला काही कळेना. तिनं सांगितलं, आपल्या सासूच्या सासूच्या वेळी पाणजाई ज्येष्ठ ते दसरा माहेरी जायची. खालच्या गावात नदीकाठी सात आसरांचा कट्टा आहे, त्या पाण्यातल्या सात जणी, पाणजाई त्यांची आठवी बहीण. मधे कधीतरी रीत मोडली. सासूनं मरताना आपल्याला सांगितलं होतं, आपण कंटाळा केला, म्हणून देवी पाच वर्षं सगळ्याला नाही म्हणतेय. लेक माहेरी निघाली की गाव वेशीपर्यंत पोचवायला जातं, आणि देवी जिथं, तिथं तिची लेकरं.

मला अक्काची सासू ठाऊक नव्हती, पण त्या कट्ट्याची मला खडान्‌खडा माहिती होती. तिथं मी पोलिओचा कॅम्प लावायची. पाणजाईचा त्याच्याशी काही संबंध असल्याचं तोपर्यंत कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. महादूनं तोंड उघडलं, ही रीत कधी ऐकली नाही म्हणून. सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. त्यांच्याएवढं जुनं वाडीत दुसरं कुणी उरलं नव्हतं. ते नाही म्हणाले असते तर तिथंच संपलं असतं. आबा आपल्या पायांकडे बघत होते. नात पायरीवर माझ्या शेजारी बसलेली होती.

"आयकलं हुतं," आबा म्हणाले. "आज्जा सांगायचा."

पुढचं मग वेगानं झालं. कुणीतरी हलगी आणायला पळालं, बायका ओटीचं सामान काढायला उठल्या. गर्दीतून कुणाचा तरी आवाज आला, मुखवटा जाईल, पण तांदळा कसा जाईल? तो तर हलवता येत नाही. चार महिने देवीला दिवा कोण लावणार? दिवा विझला तर सगळ्यांनी परत वर यायचं. आबांनी मान हलवली. ती अट कुणालाच मोडता येणार नव्हती. अक्कानं डोक्यावरची टोपली सरळ केली. "मी हाय की," ती म्हणाली.

ते तिनं आधी ठरवलं होतं की तिथं सुचलं, हे मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, मुखवटा माणसानं केलेला असतो, तो माणसानं कुठंही न्यावा. तांदळा डोंगराचा आहे. यापलीकडं उत्तर मिळालं नाही. पुसलेल्या दगडाला ती खोटं म्हणत होती आणि बनवलेल्या माहेराला खरं, यातला हिशेब मला आजही नीट लागत नाही. तिला लागला होता.

आता ही रीत चौथ्या वर्षात आहे. माहेरच्या वाटेवर गाणीसुद्धा तयार झालीत. दोन वर्षांपूर्वी पुण्याचा एक फोटोवाला आला होता, शेकडो वर्षांची परंपरा म्हणून टिपायला. आबांच्या नातीनं त्याला सगळं समजावून सांगितलं, आठवी बहीण, सासूची सासू, सगळं. मी त्याला चहा दिला आणि गप्प बसले. वाडी खाली पत्र्याच्या खोल्यांत राहते, कुरकुरते, रोज नदीकाठी मुखवट्याला नैवेद्य दाखवते. बाप्ये उघडीप पडली की वर जाऊन भात लावून येतात आणि दिवस मावळायच्या आत परततात. भेग मी शेवटची पाहिली तेव्हा एका उडीत ओलांडता येत नव्हती.

माझी बदली गेल्या वर्षी झाली, पलूसकडे, सपाट जमिनीवर. मी जायच्या आधल्या आठवड्यात देवी माहेरी निघाली होती. मी शेवटचं म्हणून वाडीत गेले होते. हलगी, टोपली, गुरं, गाठोडी, कडेवरची पोरं, सगळी वाडी पायवाटेनं उतरत होती. अक्का वेशीच्या दगडापर्यंत आली. तिथं तिनं टोपली आबांच्या नातीच्या डोक्यावर दिली, तिचे खांदे धरून तिला सरळ उभं केलं, आणि मागं सरली.

मी तिला बाजूला घेतलं. तिच्या गोळ्यांची चार महिन्यांची पाकिटं तिच्या सदऱ्याच्या खिशात कोंबली आणि मला जे म्हणायचं होतं ते म्हटलं. दिवसा वर ये, दिवा लाव आणि खाली जा. ती म्हणाली, आखाडात ओढा रोज उतरून जाऊ देईल का? एक दिवस जरी चुकला तरी कुणीतरी म्हणणारच, दिवा विझला, चला घरी. मग मी म्हटलं, एखाद्या वर्षी सगळं सोडून तूच खाली येऊन बस, बघू काय होतंय.

तिनं वाट उतरणाऱ्या माणसांकडे पाहिलं. शेवटी आबा होते, काठी टेकत, म्हशीच्या मागं.

"मी वर हाय, म्हून ती खाली हायती," ती म्हणाली. "जावा आता. पानी चढंल."

मी साकवापर्यंत आले आणि थांबून वर बघितलं. सव्वीस घरांतल्या एका घरातून धूर निघत होता. दारं सगळी ओढून घेतलेली. अक्का अंगणात आली, सूप झटकलं, ते भिंतीला लावून ठेवलं, आणि डोंगराकडे तोंड करून उभी राहिली, दारात आलेल्या माणसाला बस म्हणावं की नाही हे ठरत नसल्यासारखी. मग सड्यावरून ढग खाली उतरला. आधी राई गेली, मग वरची आळी, मग ती.